नाशिकचा कंटेनर बंदराच्या दारात का अडकतो?

दिंडोरी तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तरुण संचालकांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण झाला, कसारा घाटातला त्रास कमी झाला, नाशिकहून मुंबई जवळ आली. तरीही गेल्या हंगामात त्यांचे द्राक्षांचे तीन कंटेनर न्हावा शेवा बंदरात कट-ऑफच्या, म्हणजे जहाजासाठी माल स्वीकारणे बंद होण्याच्या वेळेच्या, आत पोहोचले नाहीत आणि जहाज हुकले. असे का होते, यात वाहतूकदाराचा दोष किती, आणि पुढच्या हंगामासाठी रेल्वे, दुसरे बंदर किंवा स्वतःचे ट्रेलर यांपैकी कशाचा विचार करावा, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. नाशिकमध्ये निर्यात मालाच्या वाहतुकीचे आणि सीमाशुल्काच्या कामांचे हेच क्षेत्र मी पंचवीसहून अधिक वर्षे सांभाळत आलो आहे, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर, त्यांनाच उद्देशून देतो.

मुख्य मुद्दा आधी सांगतो. दिंडोरी ते न्हावा शेवा हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे, पण कंटेनर वेळेवर पोहोचणार की नाही हे त्यातल्या पहिल्या दीडशे किलोमीटरांवर ठरत नाही. ते भिवंडीच्या पुढे ठरते, आणि त्याहूनही अधिक बंदराच्या दारातल्या शेवटच्या काही किलोमीटरांवर ठरते. समृद्धीमुळे जो वेळ वाचला तो आपल्या बाजूचा, म्हणजे जो आधीही बऱ्यापैकी अंदाजात होता. ज्या भागाचा अंदाज येत नाही, तो भाग आहे तसाच आहे. निर्यातीत उशिरापेक्षा अनिश्चितता अधिक महाग पडते. रोज आठ तास लागत असतील तर आपण आठ तास धरून चालतो. पण कधी सहा आणि कधी अठरा लागत असतील, तर सरासरी काढून केलेले नियोजन नेमके महत्त्वाच्या दिवशी दगा देते.

रस्ता टप्प्याटप्प्याने पाहू. ५ जून २०२५ रोजी समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा महामार्ग पूर्ण झाला. इगतपुरीजवळच्या बोगद्यामुळे अवजड वाहनांना कसारा घाट टाळता येतो, हा मोठाच दिलासा आहे. घाटात एखादा ट्रेलर बंद पडला की मागची पूर्ण रात्र वाया जात असे, ते दिवस आम्ही पाहिले आहेत. पण आमणे हे भिवंडी तालुक्यात आहे. तिथून पुढे वडप्याजवळ आपण पुन्हा जुन्या मुंबई-आग्रा महामार्गावर येतो, आणि वडपे ते माजिवडा या सुमारे चोवीस किलोमीटरच्या पट्ट्यात रांजनोली, माणकोली, खारेगाव ही सगळी नाकी लागतात. भिवंडीच्या गोदामांची वाहने, गुजरातकडून घोडबंदरमार्गे आलेली वाहने आणि ठाण्याची शहरी वाहतूक या पट्ट्यात एकत्र येते. या मार्गाच्या आठपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे चालू राहिले, आणि रुंदीकरण चालू असलेला रस्ता हा रुंद होण्याआधी बराच काळ अरुंद असतो. पुढे मुंब्रा बायपास, शिळफाटा, तळोजा, कळंबोली आणि मग बंदराकडे जाणारा रस्ता, करळ फाटा, आणि शेवटी टर्मिनलचे गेट. २०१८ मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी मे ते सप्टेंबर बंद होता, तेव्हा बंदराकडे जाणारी वाहने ऐरोली, ठाणे, कल्याण अशी पसरली आणि संपूर्ण महानगर प्रदेशाची कोंडी झाली. एका बायपासवर किती भार आहे, हे त्या चार महिन्यांनी सर्वांना दाखवून दिले.

आता एक गोष्ट, जी नवीन निर्यातदारांच्या लक्षात येत नाही. आपला कंटेनर या कोंडीतून एकदा नाही, दोनदा जातो. रिकामा रीफर, म्हणजे शीतयंत्रणा असलेला, कंटेनर बहुतेक वेळा न्हावा शेवाजवळच्या एम्प्टी यार्डातून उचलावा लागतो. तो तपासून, शीतयंत्रणा चालते की नाही हे पाहून, जेनसेट, म्हणजे तिला वाटेत वीज देणारे डिझेल जनित्र, लावून ट्रेलर नाशिककडे निघतो, पॅकहाउसवर, म्हणजे फळे निवडून पेट्यांत भरतात तिथे, माल भरून परत फिरतो आणि पुन्हा त्याच रस्त्याने बंदरात जातो. त्यामुळे भरलेला कंटेनर उशिरा पोहोचण्याचे मूळ कारण अनेकदा आदल्या दिवशीच घडलेले असते: रिकामा कंटेनर यार्डाच्या रांगेत सहा तास उभा राहिला, दुपारऐवजी रात्री उशिरा पॅकहाउसवर आला, भरणी पहाटेवर गेली, आणि पुढचे सगळे गणित चुकले. आपल्या कंपनीच्या त्या तीन कंटेनरांचे कागद मी पाहिले. त्यातल्या दोघांच्या बाबतीत परतीच्या प्रवासाला लागलेला वेळ नेहमीसारखाच होता. उशीर झाला तो रिकामा कंटेनर येण्यात.

बंदराच्या दारात रांग का लागते हे समजण्यासाठी एक साधे गणित मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण स्वभाव खरा आहे. समजा एका गेटला सहा मार्गिका आहेत आणि प्रत्येक ट्रेलरची कागदपत्रे, सील, क्रमांक तपासायला दोन मिनिटे लागतात. म्हणजे तासाला १८० ट्रेलर आत जातील. तासाला १७० आले तर रांग दिसणारही नाही. पण सलग चार तास २२० येत राहिले, तर चौथ्या तासाअखेर १६० ट्रेलर बाहेर उभे असतील. एका ट्रेलरला पुढच्या-मागच्या अंतरासह वीस मीटर धरले तर ही रांग सव्वातीन किलोमीटरची झाली. त्यानंतर आवक कमी होऊन तासाला १५० वर आली, तरी ती रांग उतरायला पाच तासांहून अधिक वेळ लागेल, कारण तासाला फक्त तीसच वाहने घटणार. आणि त्या पाच तासांत एक मार्गिका बंद पडली तर रांग मुळीच उतरणार नाही. क्षमतेच्या काठावर चालणाऱ्या व्यवस्थेचा हा गुणधर्म आहे. थोडीशी जास्त गर्दी पुष्कळ जास्त वेळ खाते. म्हणूनच परवा तासाभरात आत गेलेला ड्रायव्हर आज बारा तास उभा असतो, आणि दोन्ही वेळी बाहेरून पाहणाऱ्याला बंदर सारखेच चालू दिसते.

त्यात या बंदराचा आवाका लक्षात घ्या. २६ मे १९८९ रोजी मुंबई बंदराचा भार हलका करण्यासाठी सुरू झालेल्या या बंदराने २०२३-२४ मध्ये सुमारे ६४ लाख आणि २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरांच्या मापाने, हाताळणी केली. वर्षाच्या दिवसांनी भागले तर दिवसाला वीस हजार. यातले काही रेल्वेने येतात-जातात, पण बहुसंख्य रस्त्यावरच असतात. पाच कंटेनर टर्मिनल आहेत, बहुतेकांचे चालक वेगवेगळे, गेट वेगवेगळी, आणि तिथवर नेणारे रस्ते मात्र सामाईक. एका टर्मिनलची रांग फाट्यापर्यंत आली की शेजारच्या रिकाम्या टर्मिनलकडे जाणारा ट्रेलरही त्याच रांगेत अडकतो. जून २०१७ मध्ये जगभर झालेल्या सायबर हल्ल्यात इथल्या एका टर्मिनलची संगणक यंत्रणा ठप्प झाली, तेव्हा हे स्पष्टपणे दिसले.

गर्दी एकाच वेळी का होते, याला दोन बाजू आहेत. बंदराची बाजू अशी की प्रत्येक जहाजासाठी निर्यातीचे गेट ठरावीक दिवशी उघडते आणि ठरावीक वेळी बंद होते. या अवधीत माल समान प्रमाणात यावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक लोक शेवटच्या टप्प्यात येतात. शिवाय जहाजे वेळापत्रकाने आली नाहीत तर दोन-तीन जहाजे एकदम लागतात, आणि त्या सगळ्यांचा माल एकदम रस्त्यावर येतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपच्या बहुतेक सेवा सुवेझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागल्या, तेव्हा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला एवढाच त्रास नव्हता. परतीची जहाजे अनियमित येऊ लागली, रिकाम्या रीफर कंटेनरांची साखळी विस्कळीत झाली आणि त्याचे पडसाद थेट पिंपळगावच्या पॅकहाउसपर्यंत आले. जहाज लांबले की गेट उघडायची तारीख पुढे जाते, मग आधीच निघालेले ट्रेलर बाहेर उभे राहतात आणि त्यांच्या मागे पुढच्या जहाजाचे ट्रेलर येऊन उभे राहतात. दुसरीकडे आयातीचे कंटेनर वेळेत उचलले गेले नाहीत तर यार्ड भरते, एक कंटेनर काढण्यासाठी तीन हलवावे लागतात, यार्डातला वेग मंदावतो आणि त्याचा परिणाम गेटवर दिसतो. आयातदाराने माल थेट बंदरातून उचलण्याची सोय गेल्या काही वर्षांत वाढली, त्याचा आपल्या निर्यातीलाही फायदा झाला, तो याच कारणाने.

आपली बाजू मी अधिक स्पष्टपणे सांगतो, कारण ती आपल्या हातात आहे. नाशिक परिसरातील बहुतेक पॅकहाउस कंटेनर संध्याकाळी भरतात आणि ट्रेलर रात्री आठ-नऊला निघतो. मजूर दिवसभराच्या पॅकिंगनंतर मोकळे होतात, ड्रायव्हरला रात्रीचा गारवा बरा वाटतो, आणि पूर्वीपासून तसेच चालत आले आहे. ठाणे परिसरात अवजड वाहनांना प्रामुख्याने रात्री आणि दुपारच्या काही तासांत सोडतात. त्यामुळे भिवंडी, वापी, नाशिक अशा सगळ्या दिशांचा माल रात्री दहानंतर एकदम सुटतो, मध्यरात्री मुंब्रा बायपासवर एकत्र येतो आणि पहाटे तीन ते सातच्या दरम्यान बंदरावर आदळतो. वास्तविक द्राक्षे काढणीनंतर लगेच कंटेनरमध्ये जातच नाहीत. ती प्री-कूलिंगला शून्य ते एक अंशापर्यंत आणून शीतगृहात ठेवली जातात, कंटेनरभर माल जमेपर्यंत थांबतात. मग भरणीची वेळ संध्याकाळचीच असली पाहिजे असे काही नाही. सकाळी सहाला भरून आठला ट्रेलर काढला, तर तो दुपारच्या मोकळ्या वेळेत ठाण्याचा पट्टा ओलांडू शकतो आणि संध्याकाळपूर्वी करळ फाट्यावर असतो. प्रवेशाच्या वेळा बदलत राहतात, सणासुदीला आणि कामांसाठी वेगळ्या अधिसूचना निघतात, म्हणून त्या दिवशीची स्थिती पाहूनच निघावे; पण प्रघात म्हणून रात्रीच निघणे सोडून द्यावे, हे मी आग्रहाने सांगेन.

रांगेत उभे राहण्याने फळाचे नेमके काय होते, हे एका प्रसंगातून सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आमच्याकडून गेलेला एक कंटेनर बंदराच्या अलीकडे चौदा तास अडकला. ड्रायव्हरने निघताना जेनसेटची टाकी पूर्ण भरून घेतली नव्हती. जेनसेट ताशी साधारण तीन लिटर डिझेल खातो, रिकामा आणतानाही तो काही वेळ चाललेला होता. पहाटे चारच्या सुमारास तो बंद पडला. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला होता, आणि आजूबाजूला शंभर इंजिने घरघरत असताना मागचा एक आवाज थांबल्याचे त्याला कळले नाही, यात त्याचा दोष मी मानत नाही. सकाळी डिझेल आणून यंत्रणा पुन्हा सुरू केली. माल जहाजावर चढला. युरोपात उतरल्यावर पेटीतल्या तापमान-नोंदणी यंत्राचा आलेख आला, त्यात शून्यावरची सरळ रेघ एका ठिकाणी सहा अंशांपर्यंत चढून पुन्हा खाली आलेली होती. चार-पाच तासांचा उंचवटा. त्या काळात गार फळावर दव धरले, पेटीतल्या गंधकाच्या पॅडमधून वायू एकदम सुटला, आणि देठाजवळचे मणी फिके पडले. ग्राहकाने पूर्ण कंटेनरवर कपात लावली. चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण तेरा टन द्राक्षे असतात. कोणाच्या तरी दोन-तीन एकरांचा वर्षभराचा जमाखर्च त्या उंचवट्यात गेला. त्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला मी स्वतः मोहाडीला गेलो होतो. छाटणीपासून काढणीपर्यंत सगळे नीट केलेल्या माणसाला, तुमचे नुकसान करळ फाट्यावर झाले, हे सांगणे फार जड जाते.

खर्चाचा हिशेब लोक डेमरेज आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर मुदतीपेक्षा जास्त ठेवल्याचे आकार, एवढ्यापुरता मांडतात, आणि तो अपुरा आहे. ट्रेलरमालकाच्या बाजूने पाहा. एक फेरी तीन दिवसांत झाली तर महिन्यात दहा फेऱ्या होतात. चार दिवस लागले तर सात किंवा आठ. हप्ता, विमा, ड्रायव्हरचा पगार तेवढाच राहतो. त्यामुळे कोंडी वाढली की भाडे वाढते आणि हंगामाच्या ऐन भरात ट्रेलर मिळेनासे होतात, कारण आहेत तेच ट्रेलर रांगेत उभे असतात. जेनसेटसह रीफर ओढणारी वाहने तर मुळातच मोजकी. शिवाय ड्रायव्हर टिकत नाहीत. बारा-चौदा तास रस्त्याच्या कडेला, जेवणाची सोय नाही, स्वच्छतागृह नाही, गाडी सोडून जाता येत नाही, कारण रांग कधी सरकेल सांगता येत नाही. या माणसांच्या सोयीचा प्रश्न दयेचा नाही. अनुभवी ड्रायव्हर बंदराची लाइन सोडून नागपूर-हैदराबादच्या मार्गावर जातो, आणि त्याच्या जागी येणाऱ्या नवख्याला कोणत्या टर्मिनलला कुठून वळायचे हेही ठाऊक नसते.

आता दोषाबद्दल. आपल्या वाहतूकदाराने रिकामा कंटेनर उशिरा आला हे आपल्याला वेळेत कळवले नाही, ही त्याची चूक मला दिसते. पण बुकिंग आपण कट-ऑफच्या आदल्या संध्याकाळी भरणी धरून केले होते. म्हणजे मध्ये एकही तास मोकळा ठेवलेला नव्हता. तिसऱ्या कंटेनरच्या बाबतीत तर ट्रेलर वेळेत पोहोचला होता आणि अडला तो कागदांवर. पॅकहाउसवर भरून ई-सील (इलेक्ट्रॉनिक मोहोर) लावलेला कंटेनर बंदरात पोहोचला तरी ‘लेट एक्सपोर्ट ऑर्डर’, म्हणजे माल जहाजावर चढवण्याची सीमाशुल्काची परवानगी, मिळेपर्यंत पुढे जात नाही. फॉर्म १३, म्हणजे टर्मिनलमध्ये प्रवेशाचा परवाना, निघाल्याशिवाय गेट उघडत नाही. आणि १ जुलै २०१६ पासून कंटेनरचे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय जहाज तो घेत नाही. आपल्या शिपिंग बिलातला, म्हणजे सीमाशुल्काकडे भरलेल्या निर्यात पत्रकातला, कंटेनर क्रमांक आणि वजनाच्या पत्रकातला क्रमांक यांत एका आकड्याची तफावत होती. पॅकहाउसवर बसून पाच मिनिटांत दुरुस्त होणारी ती चूक बंदराबाहेरच्या पार्किंग प्लाझात सात तासांची झाली. अशी अडलेली वाहनेही कोंडीचाच भाग होतात, हे आपण सर्वांनी मान्य केले पाहिजे.

पुढच्या हंगामासाठी माझी पद्धत सांगतो. काढणीपासून पुढे मोजत जाऊ नका, गेट उघडण्याच्या वेळेपासून मागे मोजा. गेट बंद होण्याची वेळ विसरून जा. गेट उघडल्यानंतरचे बारा ते चोवीस तास हे आपले लक्ष्य ठेवा. त्याआधी गेलात तर बाहेर उभे राहाल, नंतर गेलात तर शेवटच्या गर्दीत सापडाल. त्यापासून मागे प्रवासाचे दहा तास, भरणीचे तीन तास आणि किमान बारा तास राखीव धरा, आणि रिकामा कंटेनर त्या राखीव वेळेच्याही आधी पॅकहाउसच्या आवारात येईल अशी बोली वाहतूकदाराशी करा. त्याला एका रात्रीचे जादा थांबणे द्यावे लागेल. द्या. जहाज हुकल्याने होणाऱ्या नुकसानापुढे ती रक्कम नगण्य आहे. रिकामा कंटेनर आल्याबरोबर शीतयंत्रणा चालू करून पाहा, रबराचे गॅस्केट हाताने दाबून पाहा, जेनसेटची टाकी स्वतःच्या माणसासमोर भरून घ्या आणि त्याची पातळी फोटोसह नोंदवा. ट्रेलर निघण्यापूर्वी जहाजाची ताजी स्थिती शिपिंग लाइनकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर ट्रेलर हलवू नका. शहापूर-मुरबाड-कर्जत हा पर्यायी रस्ता ड्रायव्हर कधी कधी सुचवतात. भरलेला चाळीस फुटी रीफर त्या रस्त्याने नेण्याची परवानगी मी फक्त मुंब्रा बायपास पूर्ण बंद असेल तेव्हाच देतो.

प्रत्येक कंटेनरच्या सहा वेळा वहीत लिहून ठेवा: रिकामा उचलला ती वेळ, पॅकहाउसवर आला, भरून निघाला, शिळफाटा ओलांडला, गेटच्या रांगेत लागला, आत गेला. वीस कंटेनर झाले की कोणता वार, कोणते टर्मिनल आणि कोणता प्रहर आपल्याला महाग पडतो हे त्या वहीतून दिसेल, आणि पुढच्या वर्षी बुकिंग करताना कोणत्याही सल्लागारापेक्षा ती वही अधिक उपयोगी पडेल.

काही गोष्टी मात्र कोणत्याही नियोजनाबाहेरच्या असतात. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला रात्री निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा लासलगाव-पिंपळगावहून निघालेला माल वाटेत आणि बंदराच्या दारात अडकून पडला. कांद्याचे ट्रेलर परत फिरवायचे की थांबायचे हे दोन-दोन दिवस ठरत नव्हते, आणि त्यांच्यामागे इतरांचा माल थांबला. द्राक्षाचा निर्यातदार म्हणून आपला त्याच्याशी संबंध नाही असे समजू नका. रस्ता एकच आहे.

रेल्वेबद्दल आपण विचारले आहे. पूर्ण कंटेनर गाडी म्हणजे ४५ वाघिणी, ९० टीईयू, अर्थात ४५ चाळीस फुटी कंटेनर. एवढे रीफर एका दिवशी, तेही एकाच टर्मिनलच्या जहाजांसाठी, आपल्या एका कंपनीकडे असणे शक्य नाही. वेगवेगळ्या टर्मिनलचे मिसळले तर गाडी बंदरात पोहोचल्यावर पुन्हा टर्मिनल ते टर्मिनल रस्त्यानेच हलवाहलव करावी लागते. रीफरला गाडीवर वीज पुरवण्याची वेगळी सोय लागते. कसाऱ्याचा चढ ३७ ला १ आहे, त्यामुळे बंदरातून वर येणाऱ्या गाडीला बँकर, म्हणजे चढावर जोर देणारी जादा, इंजिने जोडावी लागतात. दादरी ते न्हावा शेवा या सुमारे १,५०० किलोमीटरच्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिकेचा आपल्याला थेट उपयोग नाही, ती गुजरातमार्गे जाते. उत्तरेचा माल तिच्यावर जाईल तेवढा रस्ता मात्र हलका होईल.

निफाड साखर कारखान्याच्या जागेवरील ड्रायपोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूर बंदराची कामे करणाऱ्या केंद्राची, चर्चा आपण सर्वजण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. माझे मत असे की तिथे सीमाशुल्काची तपासणी आणि रेल्वे जोडणी या दोन्हींपेक्षाही, रिकाम्या रीफर कंटेनरांचा साठा आणि त्यांच्या तपासणीची सोय सर्वांत आधी व्हायला हवी. आयातीचा माल नाशिक, मालेगाव, संभाजीनगरकडे घेऊन येणारे कंटेनर रिकामे होऊन परत न्हावा शेव्याला जातात आणि आपण तिथून दुसरे रिकामे कंटेनर वर आणतो. कोरडे आणि रीफर कंटेनर वेगळे असल्याने हा मेळ पूर्ण बसणार नाही हे खरे. पण हंगामापूर्वी डिसेंबरमध्ये काही शे रीफर रेल्वेने एकदम वर आणून निफाडला ठेवता आले, तर आपल्या प्रत्येक कंटेनरची कोंडीतली एक फेरी वाचेल. मोठ्या पुलाची किंवा नव्या बोगद्याची वाट न पाहता होऊ शकणारे हे काम आहे, आणि नाशिकच्या निर्यातदारांनी एकत्रितपणे मागावे असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या बंदराचे म्हणाल तर सापुताऱ्याच्या बाजूने सुरतजवळचे हजिरा अंतराने अशक्य नाही, परंतु आपल्याला हव्या त्या युरोपीय बंदराची थेट सेवा आणि हंगामात पुरेसे रीफर मिळतील का, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. मी ते आणीबाणीचा पर्याय म्हणूनच धरतो. पालघर जिल्ह्यातील नियोजित वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे ते काम आहे आणि आपल्या पुढच्या दोन-चार हंगामांशी त्याचा संबंध नाही. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेला पागोटे ते चौक हा सुमारे २९ किलोमीटरचा सहापदरी रस्ता बंदराची वाहतूक पळस्पे, कळंबोलीच्या बाहेरून पुण्याच्या बाजूला नेईल. त्याच्या मंजुरीच्या वेळी सरकारनेच सांगितले होते की बंदरातून मुख्य महामार्गापर्यंत यायला दोन ते तीन तास लागतात. तो झाल्यावर कळंबोलीचा ताण घटेल आणि आपल्यालाही थोडा फायदा होईल. शिळफाट्याचा आणि मुंब्र्याचा प्रश्न त्याने सुटणार नाही.

राहिला स्वतःच्या ट्रेलरांचा प्रश्न. आपल्या कंपनीचे हंगामात चाळीस-पन्नास कंटेनर होतात, तेही जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान. दोन ट्रेलर घेतले तर उरलेले आठ महिने त्यांना काम शोधावे लागेल आणि रांगेत ते इतरांच्या ट्रेलरइतकेच उभे राहतील. त्याऐवजी दिंडोरी-निफाडमधील तीन-चार शेतकरी कंपन्यांनी मिळून एकाच वाहतूकदाराशी हंगामी करार करावा, आठवड्याला किती कंटेनर देणार ते आधी ठरवून द्यावे, आणि करारात रिकामा कंटेनर आणण्याची वेळ, जेनसेटचे डिझेल आणि सहा वेळांची नोंद या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. असा करार दसऱ्यापूर्वी करावा. दिवाळीनंतर चांगली वाहने दुसऱ्यांनी बांधून घेतलेली असतात.